लोणार सरोवराचं पाणी 2020 मध्ये गुलाबी झालं ते शेवाळामुळे का?

नाही. शेवाळी रंग म्हणाल तर तो लोणारचा नेहमीचा हिरवा. पाणी खारं आणि शिवाय भयंकर अल्कधर्मी, सामू (pH) 10 च्या आसपास. अशा पाण्यात फारसं काही तगत नाही, पण स्पिरुलिना (हो, गोळ्या करून विकतात तेच) मजेत वाढतं. खाणारे कमी, ऊन भरपूर, त्यामुळे सगळं पाणी हिरवंगार. शास्त्रीयदृष्ट्या तेही शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जीवाणू. बोलताना आपण नील-हरित शेवाळच म्हणतो.

जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आधी संशय ड्युनालिएला या लालसर पडणाऱ्या शेवाळावर गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा निघाले हॅलोआर्किया: अतिखारट पाण्यात राहणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले आणि त्यांचं फावलं. नमुना नुसता ठेवून दिला तर जीव तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ होई, म्हणजे पाण्याला स्वतःचा रंग नव्हताच. लॉकडाऊनमुळे निसर्ग खुलला वगैरे फॉरवर्ड्स मनावर घेऊ नका.