मॉर्फोलिनो दिल्यावर न्यूट्रोफिल जखमेकडे कमी गेले, म्हणजे ते जनुक पेशींना चालवतं का?

तुम्ही लिहिलंय की झेब्राफिशच्या भ्रूणात मॉर्फोलिनोने (जनुकाच्या आरएनएला चिकटून त्याचं काम थांबवणाऱ्या कृत्रिम रेणूने) जनुक दाबलं, तिसऱ्या दिवशी शेपटीचं टोक कापलं आणि जखमेपाशी न्यूट्रोफिल, म्हणजे जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी, निम्मेच दिसले. एवढ्यावर ‘हे जनुक पेशींना चालवतं’ असं कृपया लिहू नका.

नाशिकला आमच्या छोट्या प्रयोगशाळेत माझ्या हातून अगदी हेच झालं होतं. डिसेंबर होता, निफाडकडची थंडी शहरातही उतरलेली. कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी जनुक न दाबलेल्या अंड्यांची, डिश नव्या इन्क्युबेटरमध्ये, मॉर्फोलिनोचं इंजेक्शन दिलेली अंडी जागा नाही म्हणून खिडकीजवळच्या जुन्यात. न्यूट्रोफिल सुदान ब्लॅक या रंगाने रंगवून मोजलं, तर जखमेपाशी निम्मे. गाईड खूश. म्हणाले, “कंट्रोलमध्ये आहेत, यात नाहीत, अजून काय हवं?” मला ती पिल्लं लहान दिसत होती. जुन्या इन्क्युबेटरमध्ये थर्मामीटर ठेवला, २५ अंश! नेहमीच्या २८.५ अंशांना २४ तासांत होणारी वाढ २५ला सुमारे ३० तास घेते. म्हणजे माझं ७२ तासांचं पिल्लू वाढीने जेमतेम ५८ तासांचं होतं. मग अख्ख्या अंगातले न्यूट्रोफिल मोजले. तेही जवळपास निम्मेच. पेशी अडल्या नव्हत्या, अजून तयारच झाल्या नव्हत्या. दोन्ही डिश एकाच इन्क्युबेटरमध्ये ठेवून पुन्हा केलं तेव्हा फरक उरला नाही. गाईडनी या नोंदींची वही उघडूनही पाहिली नाही, पोस्टर आधीच छापून झालं होतं. मला ते आजही लागतं.

तेव्हा आधी एकूण पेशी मोजा. वय घड्याळावरून ठरवू नका. जबडा पुढे आलाय का, छातीचे पर किती वाढलेत ते पाहा. मॉर्फोलिनो ज्याला चिकटणार नाही असा त्याच जनुकाचा आरएनए सोबत देऊन बघा, दोष भरून निघतो का. आणि म्युटंट, म्हणजे ते जनुक डीएनएतच बिघडवलेला मासा, तयार करा. मॉर्फोलिनोत दिसलेले कितीतरी दोष म्युटंटमध्ये सापडत नाहीत, हे २०१५ पासून उघड आहे.

अर्थात म्युटंट ठणठणीत निघाला म्हणून जनुक बिनकामाचं ठरत नाही. कधी दुसरी जनुकं त्याची जागा भरून काढतात. egfl7 या जनुकाच्या म्युटंटमध्ये तसंच दिसलं. शिवाय न्यूट्रोफिल जखमेवरून परततातही. एकाच वेळेला मोजलंत तर न आलेले आणि येऊन गेलेले सारखेच दिसतील, म्हणून जमलं तर जिवंत पिल्लाचं चित्रीकरण करा.

गाईड म्हणालेच “कंट्रोल आहे ना”, तर दोन्ही डिशच्या तापमानाचे आकडे त्यांच्या टेबलावर ठेवा. पोस्टर छापायला जाण्याआधी.