रंगाचा डबा अजून उघडू नका

प्रश्न : घरच्या वर्कशॉपसाठी जुना मायफोर्ड एमएल-7 लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) मिळतोय. मालक म्हणतात, मशीन ठणठणीत आहे, नुसता गंज काढून रंग मारला की झालं. बघायला जाईन तेव्हा काय तपासू? घेतल्यावर सगळा खोलून नव्यासारखा करायचा विचार आहे.

उत्तर : रंगाचं शेवटी बघू. एमएल-7 1946 पासून बनू लागला, म्हणजे तुमच्या हाती येणाऱ्या मशीनवर किती जणांनी काम केलं असेल सांगता येत नाही. खाणाखुणा मात्र बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब बिडाच्या पायावर, राहतात.

सॅडलचं (टूल धरून बेडवर सरकणाऱ्या भागाचं) सगळं आयुष्य चकपासून (रॉड पकडणाऱ्या जबड्यापासून) वीत-दीड वीत अंतरात जातं, म्हणून बेड झिजतो तो तिथेच. टेलस्टॉककडचा (दुसऱ्या टोकाला रॉडला आधार देणाऱ्या भागाकडचा) बेड जवळजवळ कोरा असतो. सॅडल चकजवळ आणा, गिब (सॅडलचा खेळ काढणारी पट्टी) आवळून चाल घट्ट पण सरकती करा आणि हँडल फिरवत टेलस्टॉककडे न्या. थोडा जड झाला तर हरकत नाही; घरी आपण करतो ते तुकडे लहान, आणि तेवढ्या लांबीत झीज फारशी बदलत नाही. पण अर्ध्यात गच्च अडकला तर बेड ग्राइंड करायची तयारी ठेवा. त्यातही बेड घासला की सॅडल खाली बसतो आणि लीड स्क्रूशी (सॅडल आपोआप सरकवणाऱ्या लांब स्क्रूशी) त्याची रेषा चुकते, मग तेही जुळवायचं. मी असा लेथ फुकट दिला तरी घेणार नाही.

मग स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा. डायल गेजचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाचा) पाया हेडस्टॉकवर (स्पिंडल धरणाऱ्या भागावर), टोक स्पिंडलच्या नाकावर ठेवा आणि चकमध्ये धरलेला जाड रॉड हाताने वर उचला. दोन-तीन शतांश मिलिमीटर काटा हलला तर उत्तम. तेलाला तेवढी जागा लागतेच. जास्त हलला आणि बेअरिंग व्हाइट मेटलचं (मऊ मिश्रधातूचं) असेल, तर टोपीखालचे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) कमी करून खेळ काढता येतो. धातूवर ओरखडे किंवा भेगा असतील तर मात्र भाव पाडा. क्रॉस स्लाइडच्या (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) हँडलचा पाव फेरा रिकामा फिरतो म्हणून लोक उगाच घाबरतात. नट बदलता येतो, आणि तोवर माप नेहमी एकाच बाजूने घ्यायचं.

आता खोलण्याबद्दल. सगळा एकदम खोललेला लेथ बहुधा पोत्यात भरूनच विकायला येतो. एका वेळी एकच भाग काढा, फोटो काढा, धुवा, तेल देऊन परत बसवा, मगच पुढचा. बेडवरच्या गंजाला पातळ तेल आणि धारदार पातं आडवं धरून खरवडणं पुरतं. एमरी पेपर बेडला लावू नका. त्याचे कण बिडात रुततात आणि पुढे सॅडलला खात बसतात. हँडल, ब्रॅकेट असे लोखंडी भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून छान सुटतात, पण चार्जरच्या धन टोकाला जोडायचा पत्रा साध्या लोखंडाचा हवा (गंजका भाग ऋण टोकाला). स्टेनलेसने पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. जस्ताच्या मिश्रधातूचे गिअर, जसे जुन्या अ‍ॅटलस लेथवर असतात, त्या पाण्यात टाकू नका. जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं.

प्रश्न : लेथ बसवला. पण टेलस्टॉक न लावता रॉड घासला की बाहेरचं टोक जाड येतं. हेडस्टॉक सरकवू का?

उत्तर : हेडस्टॉकला हात लावू नका! बहुतेक वेळा टेबलावर आवळताना बेडलाच पीळ बसलेला असतो. 25 मिलिमीटरचा रॉड चकमध्ये दीडशे मिलिमीटर बाहेर काढून धरा, मधला भाग बारीक करा, दोन्ही टोकांना पट्टा सोडा. दोन्ही पट्ट्यांवर स्लाइड न हलवता एकच हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. बाहेरचा जाड आला, तर टेलस्टॉककडच्या पायाखाली पुढच्या, म्हणजे तुमच्या बाजूला पातळ शिम द्या. बारीक आला तर मागे. पुन्हा कट, पुन्हा माप. कंटाळवाणं काम आहे, पण याला जवळचा रस्ता नाही.

प्रश्न : लीड स्क्रू इंची आहे. मेट्रिक आटे पडतील का?

उत्तर : पडतील. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, म्हणजेच 127 भागिले 5. म्हणून 127 दातांचा गिअर स्पिंडल आणि लीड स्क्रू जोडणाऱ्या गिअरमाळेत घातला की पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बिनचूक येते. 127 ही मूळ संख्या, त्यामुळे छोट्या गिअरांच्या जोड्या लावून ती मिळत नाही. तेवढा मोठा गिअर मावत नसेल तर 63 दाती वापरतात. चूक सुमारे 0.8 टक्के, नटाएवढ्या आट्यात चालून जाते, लांब स्क्रूला नाही.

एक जपा. असे आटे पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा दुभंगलेला नट) मध्येच उघडायचा नाही, म्हणून टूल मागे घेऊन स्पिंडलच उलटा फिरवावा लागतो. एमएल-7 चं चक आट्यांवर बसतं आणि उलट्या जोरदार झटक्याने ते सुटून येऊ शकतं. परतीला मोटर नको, स्पिंडलच्या मागच्या टोकाला हँडल बसवून हातानेच फिरवा.