पात्यांऐवजी चकती घेऊन रोटरचं मॉडेल केलं, तर ती पळवाट ठरेल का?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, हाताशी साधा लॅपटॉप, आणि हेलिकॉप्टरच्या रोटरभोवतीची हवा दाखवायचीय. पाती गाळून नुसती चकती घेतली तर परीक्षक धरतील, अशी तुम्हाला धास्ती आहे. मी पवईत एम.टेक. करताना हेच काम केलंय, म्हणून ठामपणे सांगतो: पळवाट अजिबात नाही. स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी १८६५ मध्ये जहाजाच्या प्रॉपेलरसाठी हाच विचार मांडला होता.

खरं पातं घ्यायचं तर त्याच्या पृष्ठभागालगत मायक्रॉनमध्ये मोजावा इतका बारीक मेश (गणितासाठी हवेचे पाडलेले चौकोनी तुकडे) लागतो, आणि पातं अंश-अंश फिरवत गणित पुढे न्यावं लागतं. लॅपटॉपचं ते काम नव्हे. चकतीत पाती नसतात, त्यांनी हवेला दिलेला रेटा तेवढा असतो.

आधी झोताचा वेग कागदावर काढून बघा. जुहूहून समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राकडे जाणारं डॉफिन हेलिकॉप्टर घ्या: कमाल वजन ४,३०० किलो, रोटरचा व्यास साधारण १२ मीटर. वजन न्यूटनमध्ये घ्या, हवेची घनता गुणिले चकतीचं क्षेत्रफळ याच्या दुपटीने भागा, वर्गमूळ काढा. एका जागी तरंगताना चकतीतून हवा सेकंदाला साडेबारा मीटरने खाली जाते. खाली झोत आक्रसतो आणि वेग दुप्पट होतो, म्हणजे ताशी ९० किलोमीटर! पावसाळ्यात जुहूच्या विमानतळाच्या कुंपणापाशी उभे राहिलात तर हेलिकॉप्टर उचलताना गवत आधी चपटं होतं आणि मग बाहेरच्या बाजूला झोपत जातं. तोच हा झोत. तुमच्या संगणकाचं उत्तर या आकड्याच्या आसपास आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

माझी फसगत इथेच झाली होती. पात्याचा कोन तोच ठेवूनही थ्रस्ट, म्हणजे रोटरचा वर उचलणारा जोर, अपेक्षेपेक्षा बराच जास्त येत होता आणि मी आठवडाभर खुशीत होतो. मग लक्षात आलं, डोमेनचा, म्हणजे गणितात घेतलेल्या हवेच्या खोक्याचा, तळ मी रोटरखाली जेमतेम अर्ध्या व्यासावर ठेवला होता, तोही भिंत म्हणून. नकळत मी जमिनीलगत तरंगणारं हेलिकॉप्टर सोडवत बसलो होतो. तळ कित्येक व्यास खाली न्या आणि तिथून हवा बाहेर जाऊ द्या.

सरसकट सारखा दाब देणारी चकती मला फार आवडत नाही. त्यापेक्षा पात्याचे त्रिज्येवर तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचा लिफ्ट-ड्रॅग (उचल आणि अडथळा) एअरफॉइलच्या, म्हणजे पात्याच्या छेदाच्या आकाराच्या, तक्त्यातून घ्या आणि तो चकतीवर पसरा. ओपनफोम हे प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ही सोय तयार मिळते. टोकाशी लिफ्ट घटते, ती दुरुस्ती मात्र विसरू नका.

पात्याच्या टोकाचे भोवरे, त्यांचा पुढच्या पात्याशी होणारा सामना, आवाज, यातलं काही चकतीत दिसणार नाही. तेच हवं असेल तर पात्याच्या जागी फिरती रेषा घ्यावी लागेल, वेळही जास्त जाईल. झोत धडावर किंवा जहाजाच्या डेकवर कसा आदळतो एवढंच पाहायचं असेल, तर चकती पुरते. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर नेमकं कोणतं उत्तर शोधताय ते लिहा. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.