जनुक मुद्दाम बिघडवून शास्त्रज्ञांना कळतं तरी काय?

तुम्ही विचारलंय की रेणवीय जीवभौतिकी आणि जनुकशास्त्रात काम करणारा माणूस दिवसभर करतो काय, आणि चांगलं चाललेलं जनुक बिघडवून त्याच्या हाती काय लागतं. व्याख्या सांगत बसत नाही. एम.एस्सी.ला असताना माझं वर्षभर चिलटांच्या बाटल्या सांभाळण्यात गेलं, त्यातलंच एक सांगतो.

चिलटं म्हणजे पिकल्या केळ्यांवर येतात तीच. शास्त्रातलं नाव ड्रोसोफिला. त्यांचं खाणं आम्हीच शिजवायचो: मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि ते घट्ट व्हायला अगर-अगर. तो वास कपड्यांना इतका बसायचा की लोकलमध्ये शेजारचा माणूस हळूच सरकायचा. एकदा सरांनी 'पॅरालिटिक' नावाच्या वाणाची नळी 29 अंशांच्या पाण्यात धरली. बघता बघता सगळी चिलटं उताणी! मला वाटलं, गेली. नळी बाहेर काढून एसीत ठेवली, तर लगेच उठून काचेवर चढायला लागली. (मुंबईत एसी बंद पडला की ही मंडळी आडवीच व्हायची.)

जनुकात असा बिघाड मिळणं म्हणजे लॉटरी. हे जनुक पूर्ण निकामी झालं तर चिलट जगतच नाही, मग अभ्यास कसला करणार? इथे थंडीत सगळं सुरळीत आणि उकाड्यात बंद, म्हणजे बटण आपल्या हातात.

या चिलटांवर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओबेद सिद्दीकींनी अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्याबरोबर काम केलं. होमी भाभांच्या बोलावण्यावरून सिद्दीकींनी 1962 मध्ये कुलाब्यात रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. बेंझर मुळात भौतिकशास्त्रातले, जर्मेनियमवर पीएच.डी. केलेले. 1976 मध्ये दोघांचा निबंध आला. लुळं पडलेल्या चिलटाचा स्नायू थेट विजेने डिवचला तर हलतो, पण मज्जातंतूतून निरोपच जात नाही, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे बल्ब ठीक, वायर बंद. सूक्ष्म इलेक्ट्रोड लावून हे मोजणं म्हणजे जीवभौतिकी, आणि दोष कुठल्या जनुकात आहे ते हुडकणं म्हणजे जनुकशास्त्र. माझ्या मते ही दोन कामं वेगळी काढणं हा फक्त विद्यापीठांच्या खिडक्यांचा घोळ आहे.

त्या जनुकाचा मजकूर 1989 मध्ये वाचला गेला. ते सोडियमच्या दाराचं निघालं. मज्जापेशीच्या पडद्यात प्रथिनाचं एक दार असतं, ते क्षणभर उघडतं, सोडियम आत घुसतो आणि विजेचा निरोप पुढे सरकतो. आपल्या शरीरातही याच घराण्यातली दारं आहेत. त्यांतलं एक बिघडलं तर तान्ह्या मुलांना फिट्स येतात, आणि ताप चढला की जास्त.

डासांच्या कॉइलमधलं औषधही याच दारावर बसतं, ते मिटूच देत नाही, म्हणून डास तडफडून पडतो. धुराला न जुमानणाऱ्या डासांत बऱ्याचदा याच जनुकात बदल झालेला सापडतो.

राहिलं दिवसभराचं काम. बहुतेक वेळ चिलटं मोजण्यात जातो. भिंगाखाली घ्यायची, बारीक कुंचल्याने बाजूला सारायची, लाल डोळ्यांची इतकी, पांढऱ्या डोळ्यांची इतकी, वहीत रेघ मारायची. आणि कापसाचा बोळा सैल बसला असेल तर खोलीभर त्यांच्यामागे पळायचं.