झेडपी शाळेचा पैसा, पट आणि तिसरीचं वाचन

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्हाला शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष होऊन दोन महिने झालेत. शाळा पहिली ते पाचवी, पट ४३, शिक्षक दोन. तिसरी-चौथीच्या निम्म्या पोरांना धड वाचता येत नाही. गावात बोललं जातं की सरकार शाळेला लाखो रुपये देतं आणि ते मधल्यामध्ये मुरतात. त्यात चार घरं पुढच्या जूनपासून पोरांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवणार आहेत. दोष पैशाचा की गुरुजींचा, आणि समितीच्या हातात नेमकं काय आहे, असं तुम्ही विचारलंय.

मी बीड जिल्ह्यात ३१ वर्षं जिल्हा परिषदेची नोकरी केली, त्यातली शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांचं एक केंद्र माझ्या देखरेखीखाली होतं. बालाघाटाच्या डोंगरातल्या वस्त्यांवरच्या शाळा मी जवळून पाहिल्यात, त्यावरून सांगतो.

आधी त्या लाखांचं. गाव म्हणतं ते आकड्यापुरतं खरं आहे. दोन कायम शिक्षकांचा वर्षाचा पगार सहज दहा लाखांच्या वर जातो. पण तो शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून थेट त्यांच्या खात्यावर जमा होतो, शाळेच्या खात्याशी त्याचा संबंध नाही. पोषण आहाराचंही तसंच. मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे साहित्याचा खर्च धरलाय, तांदूळ वेगळा. तुमच्या ४३ पोरांचे शाळेच्या २२० दिवसांचे होतात सुमारे ६४ हजार. पण बराचसा धान्यादी माल पुरवठादाराकडूनच येतो, शाळेच्या हातात जळण-भाजीपुरते पैसे राहतात. गणवेशाचे मुलामागे ६०० रुपये असतात. २०२४ मध्ये तेही राज्यपातळीवरून शिवून द्यायचं ठरलं, कपडे कित्येक ठिकाणी अर्धं वर्ष उलटल्यावर आले, मापं चुकली, आणि त्याच डिसेंबरात शासनाने तो अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला.

समितीच्या ठरावाने खर्चता येईल अशी मुख्य रक्कम एकच: समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. तुम्हाला २५ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार आणि थोडे वर. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, फुटलेला पत्रा, संगणक असेल तर त्याची दुरुस्ती. प्राथमिक शाळेला ग्रंथालयाचे आणि खेळाच्या साहित्याचे पाच-पाच हजार वेगळे धरलेले असतात. सादिलचा, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानाचा, भरवसा नाही, ज्या वर्षी आलं त्या वर्षी आलं.

आणि हे २५ हजार जूनमध्ये हातात पडत नाहीत. माझ्या केंद्रात बहुतेक वर्षी जानेवारी-फेब्रुवारी उजाडायचा, एकदा तर मार्चचा तिसरा आठवडा. आता शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं. वरून खर्चाची मर्यादा टाकतात, पीएफएमएस या सरकारी पैशांच्या पोर्टलवर व्हाउचर काढायचं, छापील आदेश बँकेत न्यायचा. ३१ मार्चला जे राहिलं ते परत जातं. त्या दिवशी रात्री नऊ वाजता तालुक्याच्या गटसाधन केंद्रात एका संगणकापुढे अकरा मुख्याध्यापक बसलेले मी पाहिलेत. साइट चालत नव्हती आणि प्रत्येकाच्या हातात दुकानदाराचं बिल होतं. अशा घाईत शाळेला हवी ती वस्तू येत नाही, दुकानात असेल ती येते. एका शाळेत तपासणीला गेलो तर कपाटात प्लॅस्टिकचं वेष्टणही न काढलेले तीन क्रीडासंच होते, तीन वर्षांचे. त्याच शाळेत पहिलीच्या पोरांना हातात धरायला गोष्टीचं एक पुस्तक नव्हतं. पैसा कुणी खाल्ला नव्हता, जमाखर्च चोख होता. समितीने वर्षाच्या सुरुवातीला काय घ्यायचं ते ठरवलंच नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २२ मधला शाळा विकास आराखडा याचसाठी आहे, आणि तो आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार हवा. तुमच्या शाळेचा काढून बघा. बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीचाच तारीख बदलून ठेवलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. झेडपी शाळेचा खरा निधी म्हणजे शिक्षक, आणि शिक्षक ठरतो पटावर. आरटीईच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ला तिसरा. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे म्हणजे एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी-पाचवी. त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा चार्ज, म्हणजे पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, बैठका. शिवाय निवडणूक, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही, पण ज्याची मनाई नाही तेवढ्यानेच बरेच दिवस जातात. अशा शाळेत एक जण रजेवर गेला की त्या दिवशी शिकवणं होत नाही, राखणं होतं. मे २०१२ मध्ये शिक्षकभरती बंद झाली ती कित्येक वर्षं खुली झाली नाही. पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून मोठी भरती व्हायला २०२४ उजाडलं. या मधल्या काळात पहिलीत बसलेली पोरं आज मोठी झालीत, त्यांचं काय राहिलं ते त्यांच्या आईबापांना विचारा.

म्हणून त्या चार घरांचं गणित नीट समजून घ्या. ४३ चे ३९ झाले तर लगेच काही जात नाही, अनुदान तेच, शिक्षक तेवढेच. पण पुढल्या वर्षी अजून पाच, त्यापुढे अजून पाच गेले आणि पट तिशीवर आला की २५ हजारांचे १० हजार होतात. वर्गखोल्या तेवढ्याच राहतात. पट विसाच्या आत गेला की दुसऱ्या शिक्षकाच्या पदाचाच प्रश्न येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये विसापेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार शासनाने मांडला, तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांच्या वर होत्या. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदं मंजूर करण्याच्या, निर्णयाने तर सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकपदच मंजूर नाही असं ठरलं आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. शिकवणं ढिलं म्हणून पोरं जातात, पोरं जातात म्हणून शिक्षक जातो, शिक्षक गेला की उरलेल्यांचं शिकवणं आणखी ढिलं. आधी जातात ती दोन पैसे असलेल्या घरातली. मागे राहतात ऊसतोड्यांची, भूमिहीनांची, आणि बऱ्याच घरांतल्या मुली, कारण भाऊ गाडीत बसतो आणि बहीण गावात राहते. माझ्या केंद्रातल्या पटाच्या वह्या मी अजून डोळ्यांसमोर आणू शकतो. मुलांच्या रकान्यातली नावं आधी कमी व्हायची.

आपल्या भागाला आणखी एक दुखणं. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. तेव्हा शाळा भरलेली असते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात आणि पोरं टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. परत येतात एप्रिलात. कागदावर मूल तिसरीत, प्रत्यक्षात त्याने पहिलीपासून तीनही वर्षं अर्धीच शाळा पाहिली. याच्यावर हंगामी वसतिगृह हाच उपाय मी चालताना पाहिलाय. मूल आजी-आजोबांकडे राहतं आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय समिती करते. प्रस्ताव तुमच्या समितीनेच द्यायचा असतो, आणि तो गाड्या निघायच्या आधी गेला पाहिजे. डिसेंबरात मंजुरी येऊन उपयोग नाही, पोरं तेव्हा फडात असतात. जी जातातच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायला लावा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत तरी बसवता येतं.

आता वाचनाचं. हे एकट्या तुमच्या गावाचं नाही. असर या शिक्षणाच्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये १६.३, आणि २०२४ मध्ये २३.४. म्हणजे शंभरातली पंचाहत्तरांहून जास्त मुलं तिसरीतही दुसरीचं वाचत नाहीत.

एका शाळेत तिसरीतल्या मुलाने मला पुस्तकातली कविता घडाघडा म्हणून दाखवली. बोट पहिल्या ओळीवर होतं आणि तोंड चौथ्या. मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘आई कारखान्यावर गेली’. ‘आई’ लगेच वाचलं. मग ‘का’, ‘र’, ‘खा’, आणि ‘न्या’ला येऊन थांबला. जो शब्द त्याच्या घरात दिवसातून दहादा बोलला जातो, तो त्याला डोळ्यांनी ओळखता येईना. गुरुजी चांगले होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, साहेब, मी तिसरीचा अभ्यासक्रम पुरा करतोय, याचं अडलंय पहिलीत, मी मागे कधी जाऊ?

त्या शाळेत आम्ही वेगळं काही शोधलं नाही. रोज सकाळी दीड तास इयत्ता बाजूला ठेवली. अक्षर ओळखणारे एकत्र, शब्द वाचणारे एकत्र, उतारा वाचणारे एकत्र, मग मूल तिसरीतलं असो की पाचवीतलं. ही पद्धत ‘प्रथम’ नावाच्या संस्थेने रुजवलेली आहे, आणि नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी ‘प्रथम’च्या वर्गांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला. नुसती पुस्तकं, साहित्य वाढवून फरक पडत नाही, मूल जिथे अडलंय तिथून शिकवलं तर पडतो, असंच त्यातून दिसलं. आमचा खर्च झाला गोष्टींच्या पुस्तकांचा आणि फळ्याच्या रंगाचा. बारावी झालेली गावातलीच एक सून शब्दांचा गट सांभाळायला येऊन बसायची. दिवाळीपर्यंत तो मुलगा जोडाक्षरं वाचायला लागला. मग तो टोळीबरोबर गेला आणि एप्रिलात आला तेव्हा निम्मं विसरला होता. जूनमध्ये पुन्हा सुरुवात केली, पण पहिल्यापेक्षा लवकर आलं.

तुम्ही काय करायचं? पहिलं, पुढच्या सभेत हिशेबाच्या आधी तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाची वाचनाची यादी मागा: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. गुरुजींना आरोपीसारखं उभं करू नका, यादी त्यांच्याबरोबर बसून करा. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला कायद्यानेच आहेत, त्या बायकांना सभेला खरोखर आणा. सही घरी पाठवून घेत असतील तर ते बंद करा.

संडास, हात धुवायची जागा, पिण्याचं पाणी यासाठी शाळेच्या २५ हजारांना हात लावू नका. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित असतो, पंधराव्या आयोगात तो ६० टक्के होता. ग्रामसभेत शाळेचं काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नावानिशी घालायला लावा. सरपंच आधी लोकवर्गणी काढा म्हणतील. रंगरंगोटीला वर्गणी मिळते, कारण ती दिसते. ती गोष्टीच्या पुस्तकांना आणि शब्दगट घेणाऱ्या ताईच्या मानधनाला वळवता आली तर पाहा. खोलीचं छत गळत असेल, स्लॅबची सळई दिसत असेल, तर मात्र लेखी कळवा, पोच घ्या आणि त्या खोलीत एकही पोर बसू देऊ नका. २०१७ मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीला शाळेचं छत कोसळून तीन लेकरं गेली. निर्लेखनाला, म्हणजे जुनी खोली पाडायच्या मंजुरीला, वेळ लागतो तोवर वर्ग समाजमंदिरात भरू द्या.

त्या चार घरांकडे ‘जाऊ नका’ म्हणायला जाऊ नका. इंग्रजीची ओढ खरी आहे आणि आईबापाला लेकराचं भलं कळतं. त्यांना चावडी वाचनाला बोलवा, पारावर, सगळ्या गावासमोर, आणि दर महिन्याला बोलवा. पहिल्या महिन्यात पोरं अडखळतील, ते लपवू नका. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या पोराला वाचताना ऐकलं की बोलणं सोपं होतं. माझ्या केंद्रात अशी गेलेली सात पोरं एका वर्षात परत आली होती. दोन घरं नाही आली, त्यांचा राग धरला नाही.

आणि एक काम या आठवड्यातच: आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी गुरुजींकडून घ्या. संचमान्यतेत आधार वैध असलेलंच मूल मोजतात. नावात एक वेलांटी चुकली म्हणून वर्गात बसलेलं पोर मोजलं जात नाही आणि गावाचा शिक्षक कमी होतो, हे मी दोन शाळांत पाहिलंय. दुरुस्तीला तालुक्याला दोन-तीन फेऱ्या होतात, आईबाप टोळीत गेले की त्याही होत नाहीत, आणि सप्टेंबरात तिथे सगळ्याच गावांची रांग असते.