आरोग्यशिक्षक व्हायचे आहे, पण घरच्यांना पटत नाही

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला आरोग्यशिक्षणात काम करायचे आहे. पण डॉक्टर किंवा परिचारिका व्हायचे नसेल तर नुसती भित्तिपत्रके लावत फिरणार का, असे आई-बाबा विचारतात. हे खरोखर स्वतंत्र क्षेत्र आहे का? तयारी कशी करावी?

उत्तर : आई-बाबांची शंका अगदीच अनाठायी नाही, कारण आरोग्यशिक्षणाच्या नावाखाली भित्तिपत्रके लावून काम झाले असे मानणारे पुष्कळ आहेत. तरीही १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात, म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, या सेवेचे जे घटक सांगितले आहेत, त्यांत आरोग्यप्रश्नांविषयीच्या शिक्षणाचा उल्लेख सर्वांत आधी येतो. लसीकरण आणि औषधे त्यानंतर. उच्च रक्तदाबाचा रुग्ण डॉक्टरांसमोर काही मिनिटेच असतो आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या बंद करण्याचा निर्णय तो घरी, एकटाच घेतो, हे लक्षात घेतले की या क्रमाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

शिकवावे कसे, हा खरा कौशल्याचा भाग आहे. १९८० मध्ये ‘ब्रॅक’ या संस्थेने बांगलादेशात घरोघरी महिला कार्यकर्त्या पाठवून, मुलाला जुलाब झाल्यास मीठ, गूळ आणि पाणी यांची जलसंजीवनी कशी करावी, हे मातांना शिकवायला सुरुवात केली. मीठ तीन बोटांच्या चिमटीने घ्यायचे आणि मिश्रण मातेने स्वतः करून दाखवायचे, अशी पद्धत होती. काही काळाने दुसरी व्यक्ती त्यांपैकी काही घरी जाऊन मातेला काय आठवते ते तपासत असे आणि कार्यकर्तीचा मोबदला त्यावर ठरत असे. म्हणजे किती घरे झाली याला नव्हे, तर किती शिकवले गेले याला किंमत होती. एवढे करूनही सुरुवातीला प्रत्यक्ष वापर कमीच राहिला. शोध घेतल्यावर दिसले की काही कार्यकर्त्यांचाच या उपायावर विश्वास नव्हता आणि घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग प्रशिक्षण बदलले गेले आणि पुरुषांच्या बैठका घेतल्या गेल्या. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग मुळापासून अभ्यासावा, असे माझे मत आहे.

माध्यमाची निवडही यातूनच ठरते. लसीकरणाची तारीख कळवायला रेडिओ किंवा मोबाइल संदेश पुरेसा असतो, परंतु लशीची भीती घालवायला समोरासमोरचे बोलणेच लागते. दम्याच्या रुग्णाला इनहेलरचे पत्रक देऊन भागत नाही. त्याच्याकडून तो वापरून घेतला, तरच फवारा आणि श्वास यांची वेळ चुकते आहे हे दिसते. ‘समजले का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘हो’ म्हणतात (शिक्षकही या उत्तरावर फार लवकर समाधान मानतात), म्हणून ‘घरी गेल्यावर काय कराल, ते मला सांगा’ असे विचारावे.

तुमच्या पदवीनंतर सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षण हा सरळ मार्ग आहे. अभ्यासक्रम निवडताना साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि वर्तनविज्ञान हे विषय तसेच प्रत्यक्ष क्षेत्रकार्य आहे की नाही, हे पाहा. संधी शासकीय आरोग्य विभाग, रुग्णालये, शाळा, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांत असतात. मात्र अनेक पदे प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात, हे आई-बाबांपासून लपवू नका. निदान करणे व औषध सुचवणे हे आरोग्यशिक्षकाचे काम नाही, ही मर्यादाही त्यांना सांगा.

प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम करून पाहा. एकच छोटा विषय घ्या, तो चार-पाच जणांना शिकवा आणि दोन आठवड्यांनी त्यांच्यापैकी कोण काय करत आहे, हे जाऊन बघा. जे करत नसतील त्यांचा राग न येता त्यांची कारणे ऐकून घेण्यात तुम्हाला रस वाटला, तर खुशाल अर्ज भरा.