पुस्तक नंतर, आधी प्रस्ताव

प्रश्न: माझी मुलगी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठाणे खाडीतल्या मासेमारीवरचा तिचा लेख एका दिवाळी अंकात आला होता. तो वाचून एका प्रकाशनाच्या संपादकांनी पुस्तकाचा प्रस्ताव मागवला आहे. ती रात्र रात्र जागून लिहिते आहे, दोन प्रकरणं झालीसुद्धा. परीक्षा तोंडावर आली आहे. प्रस्ताव म्हणजे नेमकं काय द्यायचं असतं? आणि लेखनावर पुढे तिचं पोट भरेल का?
– एक पालक, ऐरोली

उत्तर: आधी तिला तिसरं प्रकरण थांबवायला सांगा. रागावून नको, कारण समजावून. संपादकांनी अजून पुस्तक मागितलेलं नाही. लेख आवडला तो संपादकांना. पण कागद, छपाई आणि किती प्रती खपतील याचा हिशेब प्रकाशनात दुसरंच कुणीतरी मांडतं. त्या माणसाने तिचा लेख वाचलेला असेलच असं नाही. त्याच्यापुढे संपादक जे कागद ठेवणार, तो प्रस्ताव. तिथे समजावून सांगायला ती हजर नसेल, एवढं लक्षात ठेवून लिहायचं.

सुरुवातीला एक पान: पुस्तक कशाबद्दल आहे आणि ते आत्ता का हवं. इथे बहुतेक जण विषयाचं नाव लिहून मोकळे होतात. ‘ठाणे खाडीतील मासेमारी’ हा विषय झाला, पुस्तक नव्हे. खाडीच्या एका बाजूला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. आणि त्याच पाण्यावर दिवाळे, सारसोळे, चेंदणीच्या कोळीवाड्यांतली घरं जगत आली. यातून तिला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे? तो दोन वाक्यांत सांगता येईना, तर प्रस्तावाला अजून वेळ आहे असं समजा.

मग प्रकरणांची रूपरेषा. माझ्या मते खरी मेहनत इथेच असते, आणि नेमकं इथेच नवे लेखक ‘प्रकरण 3 : जैवविविधता’ असं लिहून पुढे सरकतात. प्रत्येक प्रकरणाखाली पाच-सहा ओळी हव्यात: कोण माणसं येतील, कुठली जागा, कोणती माहिती हाती आहे आणि कोणती अजून गोळा करायची आहे. निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे) आणि चिंबोरी (खेकडे) धरणाऱ्या बायकांशी ती बोलली आहे का, की फक्त वाचलं आहे? नसेल बोलली तर ‘यासाठी मुलाखती घ्यायच्या आहेत’ असं सरळ लिहावं. त्याने प्रस्ताव कमकुवत होत नाही. उलट संपादकाला कामाचा अंदाज येतो.

झालेल्या दोन प्रकरणांपैकी जे माणसांनी भरलेलं असेल, ते नमुना प्रकरण म्हणून जोडावं. प्रबंधातलं प्रकरण उचलून मात्र देऊ नये. वाचक तक्ते वाचत नाही. शिवाय प्रबंधासाठी जमवलेली आकडेवारी मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय पुस्तकात घालू नये. शोधनिबंध आधी छापायचा असेल, तर हा विषय आजच बोलून घ्यावा.

‘मराठीत असं पुस्तक नाही’ हे वाक्य प्रस्तावात नको. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे. एक-दोन दुपारी तिथे बसून खाडी, कोळी समाज, नवी मुंबईची जमीन यांवर काय काय आहे ते तिने पाहावं. जवळची तीन-चार पुस्तकं नावानिशी द्यावीत आणि आपलं वेगळं काय ते सांगावं.

उरलेलं थोडक्यात: स्वतःबद्दल दहा ओळी, नकाशे-छायाचित्रं कुणाची, अंदाजे पानं. पानांचा आकडा हवेत सोडू नये, कारण प्रकाशक फर्म्यांत मोजतो. सोळा पानांचा एक फर्मा; 160 पानं म्हणजे दहा फर्मे, आणि किंमत त्यावर ठरते. हस्तलिखित देण्याची तारीख परीक्षेनंतरची, तीही ऐसपैस. प्रकाशक थांबतात, विद्यापीठ थांबत नाही.

आता पोटाचं. मराठीत मानधन साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं आणि आवृत्ती हजार प्रतींचीसुद्धा मोठी मानली जाते. तीनशे रुपयांच्या पुस्तकाचा हिशेब तुम्हीच करा. यावर घर चालणार नाही. पण पर्यावरण संस्था, विज्ञान पत्रकारिता, संग्रहालयं इथे अर्ज करताना हे पुस्तक तिच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलेल. तेव्हा लेखन सोडायला लावू नका आणि एम.एस्सी.सुद्धा नाही.

करारपत्र आलं तर तुम्ही दोघांनी मिळून वाचा. हक्क लेखी स्वरूपातच द्यावे लागतात. कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं दिसलं, तर सही करण्याआधी विचारा. अनुवाद आणि ऑडिओचे हक्क वेगळे लिहून घ्या. आणि कुणी छपाईखर्चाचे पैसे तिच्याकडे मागितले, तर तो प्रस्ताव तिथेच मिटवा. हौसेने स्वखर्चाने पुस्तक काढणं वेगळं, त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागत नाही.

संपादकांना आजच दोन ओळींची मेल जाऊ द्या: परीक्षा अमुक तारखेला संपते, त्यानंतर महिनाभरात प्रस्ताव पाठवते.